खर्च आणि गुप्तता : पंढरपूरच्या बालहत्या प्रतिबंधक गृहापासून वैद्यकीय गर्भपात कायद्यापर्यंत गरीब स्त्रीच्या साहाय्याचा इतिहास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या समाजसुधारणेचा इतिहास लिहिताना विधवाविवाह, केशवपन आणि स्त्रीशिक्षण या प्रश्नांना ठळक स्थान मिळाले. त्या मानाने नको असलेल्या गर्भधारणेचा प्रश्न दुर्लक्षित राहिला. या प्रश्नाची झळ सर्व वर्गांतील स्त्रियांना बसत असली तरी तिची तीव्रता स्त्रीच्या आर्थिक स्थितीनुसार बदलत गेली. ज्या घरात पैसा होता त्या घरातील स्त्रीला तीर्थयात्रेच्या निमित्ताने दूरगावी पाठवता येत होते, खाजगी वैद्य गाठता येत होता आणि झाल्या गोष्टीवर पडदा टाकता येत होता. ज्या स्त्रीचे पोट दुसऱ्याच्या घरच्या स्वयंपाकावर चालत होते तिच्यासमोर जडीबुटी, विहीर किंवा तुरुंग एवढेच मार्ग उरत होते. अशा स्त्रीच्या मदतीसाठी महाराष्ट्रात ज्या पहिल्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक महत्त्वाची संस्था सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे होती. या संस्थेपासून १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यापर्यंत आणि त्यानंतरच्या काळापर्यंत गरीब स्त्रीला मिळालेल्या साहाय्याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पंढरपूर येथील बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या स्थापनेमागील सामाजिक व कायदेशीर पार्श्वभूमी समजून घेणे.
२) दानावर आधारलेल्या साहाय्याकडून कायद्याने मान्य केलेल्या सेवेकडे झालेल्या प्रवासाचे टप्पे पाहणे.
३) गरीब स्त्रीच्या दृष्टीने या सेवेची खरी किंमत कोणती, याचा शोध घेणे.

दंडसंहिता आणि विधवेची कोंडी

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला कायदेशीर मान्यता दिली. परंतु समाजाने ती दिली नाही. अनेक शेतकरी व कारागीर जातींमध्ये पाटाची चाल असल्याने तेथील विधवेला दुसरे घर करता येत असे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींमध्ये मात्र बालविवाहामुळे विधवांची संख्या मोठी आणि पुनर्विवाहाची वाट बंद, अशी स्थिती होती. या विधवा बहुधा दीर, भाऊ किंवा दूरच्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहत. त्यांच्या हाती स्वतःचा पैसा नसे. घरातील अथवा शेजारच्या पुरुषाकडून त्यांचे शोषण झाले तर त्याची वाच्यता करणेही शक्य नसे.

याच काळात भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या कलम ३१२ नुसार स्त्रीचा जीव वाचवण्याचा सद्हेतू वगळता गर्भपात घडवून आणणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरला. गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास ही मुदत सात वर्षांपर्यंत वाढत होती. स्वतः गर्भपात करून घेणारी स्त्रीही या कलमाच्या कक्षेत आली. अर्भकाचा मृतदेह गुपचूप पुरून जन्म लपवणे हाही वेगळा गुन्हा मानला गेला. परिणामी विधवेला मूल होऊ देणे समाजमान्य नव्हते आणि ते न होऊ देणे कायद्याला मान्य नव्हते. या कोंडीतून सुटण्यासाठी पैसा आणि गुप्तता या दोन्ही गोष्टी लागत आणि गरीब विधवेजवळ दोन्ही नसत.

या कोंडीचे भयंकर रूप पुण्यातील काशीबाई या विधवेच्या खटल्यात दिसले. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाचे काम करणाऱ्या या तरुण विधवेला शेजारच्या एका शास्त्र्यापासून दिवस गेले. गर्भपाताचे प्रयत्न फसले. मूल जन्मल्यावर तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर अभिप्राय देताना ही हकीकत नोंदवली आहे. शिक्षा स्त्रीलाच झाली, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि ती वरच्या न्यायालयात कमी झाली. त्या प्रकरणावर वृत्तपत्रांतून जी चर्चा झाली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ लिहिला.

पुण्यातील गृह : एक नोंद

काशीबाईच्या प्रकरणानंतर, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल ठेवणे न ठेवणे त्यांच्या इच्छेवर राहील, अशा आशयाची जाहीर पत्रके लावण्यात आली. गृहाचा खर्च फुले दांपत्याने सोसला. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले.

या गृहाविषयी फुले यांनी १८८४ मध्ये दिलेली एक आकडेवारी गर्भपाताच्या इतिहासासाठी मोलाची आहे. तोपर्यंत ३५ गर्भवती विधवा या गृहात येऊन प्रसूत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी केवळ ५ जिवंत राहिली, ३० दगावली. गरोदरपण लपवण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांमुळे पोटातच इजा झाल्याने हे मृत्यू झाले, असे कारण फुले यांनी दिले. या नोंदीचा अर्थ स्पष्ट आहे. गृहाच्या दारात येणाऱ्या बहुतेक स्त्रिया त्यापूर्वीच गर्भपाताचा प्रयत्न करून थकलेल्या होत्या. कायद्याने बंदी घातली म्हणून गर्भपाताचे प्रयत्न थांबले नव्हते. ते अधिक धोक्याचे मात्र झाले होते.

पंढरपूर येथील बालहत्या प्रतिबंधक गृह

पुण्यातील प्रयोगाला खाजगी घराच्या मर्यादा होत्या. पंढरपुरात त्याला संस्थेचे रूप आले. लालशंकर उमियाशंकर हे गुजराती सुधारक न्यायखात्याच्या नोकरीनिमित्त पंढरपुरात असताना त्यांच्या पुढाकाराने १८७५ च्या सुमारास येथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या मंडळींनी या कार्याला आधार दिला आणि पुढे संस्थेची जबाबदारी समाजाकडे आली. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्या वेळी पोरक्या झालेल्या मुलांमुळे अनाथाश्रम हे संस्थेचे दुसरे अंग बनले. प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव या बालकाश्रमाला पुढे देण्यात आले.

पंढरपूर हे स्थळ या कार्यासाठी योग्य का ठरले, याचा विचार करणे आवश्यक आहे. विठ्ठलाच्या दर्शनासाठी महाराष्ट्र आणि कर्नाटकातून येणाऱ्या वारकऱ्यांची येथे वर्षभर ये-जा असे. आषाढी-कार्तिकीला तर गावात पाय ठेवायला जागा नसे. तीर्थक्षेत्री दिवस काढणाऱ्या निराधार विधवांची वस्तीही येथे होती. घरातून बाहेर पडण्यास सबब लागणाऱ्या स्त्रीला पंढरीची वारी ही कोणालाही आक्षेप न घेता येणारी सबब होती. अनोळखी गर्दीत एखादी अनोळखी स्त्री काही महिने राहिली तर तिची चौकशी होण्याचा संभव कमी होता. श्रीमंत घराण्यांना तीर्थयात्रेची ही वाट पूर्वीपासून ठाऊक होती. पंढरपूरच्या गृहाने तिच्या शेवटी एक छप्पर, प्रसूतीची सोय आणि मुलाच्या संगोपनाची हमी उभी केली. त्यामुळे ही वाट पैसा नसलेल्या स्त्रीलाही चालता येण्याजोगी झाली.

या ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फुले दांपत्याचे गृह काय किंवा पंढरपूरचे गृह काय, या संस्था गर्भपाताची सोय करण्यासाठी निघाल्या नव्हत्या. गर्भपात आणि बालहत्या या दोन्हींना आळा घालणे हाच त्यांचा हेतू होता. आजच्या गर्भपात सेवेच्या पूर्वसुरी म्हणून त्यांचा सरसकट गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही या संस्थांनी घालून दिलेली एक मूलभूत रीत पुढील काळाची तुलना करण्यास उपयोगी पडते. त्यांनी स्त्रीचा खर्च आणि तिची गुप्तता या दोन्हींची जबाबदारी एकाच वेळी उचलली. तिच्या चारित्र्याचा निवाडा केल्याखेरीज तिला दार उघडले. मदतीच्या बदल्यात तिला स्वतःची ओळख जगापुढे मांडावी लागली नाही.

दान ते हक्क : १९२१ ते १९७२

विसाव्या शतकात प्रश्नाची मांडणी बदलली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. आंबेडकरांनीच तयार केलेला संततिनियमनविषयक ठराव नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी मांडला. संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून देणे हे सरकारचे काम आहे, ही त्यामागील भूमिका होती. ठराव फेटाळला गेला. परंतु स्त्रीच्या प्रजननाचा खर्च दात्याने नव्हे तर शासनाने उचलावा, हा विचार विधिमंडळाच्या पटलावर आला.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. दर १०० गर्भधारणांमागे ७३ जिवंत जन्म, २ मृतजन्म आणि २५ गर्भपात होतात व या २५ पैकी १५ हेतुपुरस्सर केलेले असतात, असा तिचा अंदाज होता. दंडसंहितेच्या शंभर वर्षांनंतरही फुले यांच्या नोंदीतील वास्तव फारसे बदलले नव्हते, असा याचा अर्थ होतो.

या अहवालाच्या आधारे वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यातील तीन तरतुदी गरीब स्त्रीच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या. पहिली, सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली गेली; पतीच्या सहीची अट घातली गेली नाही. दुसरी, गर्भधारणेमुळे आरोग्याला असलेला धोका ठरवताना स्त्रीची प्रत्यक्ष आणि नजीकच्या भविष्यातील परिस्थिती विचारात घेण्यास डॉक्टरला मुभा मिळाली. दारिद्र्य हा शब्द कायद्यात नसला तरी त्याला या वाटेने प्रवेश मिळाला. तिसरी, शासकीय रुग्णालयांना या सेवेसाठी वेगळ्या मान्यतेची गरज ठेवली गेली नाही. कायद्याखालील विनियमांनी गुप्ततेचीही काळजी घेतली. रुग्ण दाखल करण्याची नोंदवही गुप्त दस्तऐवज ठरली आणि इतर कागदपत्रांवर नावाऐवजी अनुक्रमांक लिहिण्याची पद्धत घालून देण्यात आली. कागदावर पाहता पंढरपूरच्या गृहाची दोन्ही कामे आता शासनाने स्वीकारली होती.

खर्चाचा हिशेब

प्रत्यक्षात ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी झाली. २००० ते २००४ या काळात 'सेहत' आणि 'हेल्थवॉच' या संस्थांच्या समन्वयाने देशभर गर्भपात सेवेचा व्यापक अभ्यास झाला. त्यातून आणि महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांच्या त्याआधीच्या अभ्यासांतून समान चित्र पुढे आले. शासकीय दवाखान्यात खर्च कमी होता. परंतु पतीला घेऊन येण्याचा आग्रह, नसबंदी किंवा तांबी बसवून घेण्याची अट, वारंवार घालावे लागणारे हेलपाटे आणि ओळखीच्या माणसांची नजर यांमुळे स्त्रिया तेथे जाण्याचे टाळत होत्या. कायद्यात नसलेल्या अटी व्यवहारात आल्या होत्या. खाजगी दवाखान्यात फारसे प्रश्न विचारले जात नव्हते. मात्र त्याचे पैसे मोजावे लागत होते.

रवी दुग्गल यांनी २००४ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार पहिल्या तिमाहीतील गर्भपाताला सरासरी ५०० ते १००० रुपये आणि दुसऱ्या तिमाहीत २००० ते ३००० रुपये लागत होते. हा खर्च ज्या घटकांवर अवलंबून होता त्यांत गर्भाचे आठवडे, वापरलेली पद्धत आणि भूल यांबरोबरच स्त्रीची वैवाहिक स्थिती हाही एक घटक आढळला. वैद्यकीय दृष्ट्या अविवाहित स्त्रीचा गर्भपात आणि विवाहित स्त्रीचा गर्भपात यांत फरक नसतो. म्हणजेच बिलात जी वाढ होत होती ती उपचाराची नव्हती, गुप्ततेची होती. दुसऱ्या तिमाहीतील वाढीव खर्चाचा भारही मुख्यतः गरीब स्त्रीवर येतो. कारण पैसे जमवण्यात, सबब शोधण्यात आणि वाहन मिळवण्यात तिचेच आठवडे जातात.

सोलापुरातील श्रमिक स्त्री

सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. १८७७ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलने, म्हणजेच जुन्या गिरणीने, या शहराला कामगारांचे शहर बनवले. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या. यंत्रमाग आणि विडी हे उपजीविकेचे मुख्य आधार राहिले. विडी वळणाऱ्या स्त्रियांमध्ये तेलुगू भाषक पद्मशाली समाजातील स्त्रिया मोठ्या प्रमाणावर आहेत. पाने आणि तंबाखू घरी आणून हजारी दराने विड्या वळून देण्याच्या या कामात जो दिवस दवाखान्यात जातो त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मोफत उपचारही तिच्यासाठी पूर्णतः मोफत नसतो. जिल्ह्याच्या टोकावरील करमाळा किंवा माळशिरस तालुक्यातून सोलापूर शहर शंभर किलोमीटरहून अधिक दूर पडते. तेथील शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत मजुरीत एसटीच्या भाड्याची आणि सोबतीच्या माणसाच्या बुडालेल्या रोजाची भर पडते.

या नुकसानीची भरपाई करण्याचा प्रयत्न कायद्याने केला आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात १९९५ मध्ये दुरुस्ती होऊन वैद्यकीय गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. तथापि हा लाभ घेण्यासाठी गर्भपाताचा पुरावा मालकाकडे सादर करावा लागतो. जिला ही गोष्ट घरातही सांगता येत नाही ती कारखान्याच्या मुकादमापुढे कागद कसा ठेवणार, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. रजेचा हक्क आणि गुप्ततेचा हक्क हे दोन्ही तिचेच आहेत. पण एक घ्यायचा तर दुसरा सोडावा लागतो.

सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला संलग्न सर्वोपचार रुग्णालय हा आसपासच्या जिल्ह्यांतील गरीब रुग्णांचाही आधार आहे. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार निःशुल्क केले. हा निर्णय त्या विभागापुरता होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत येतात. अशा प्रशासकीय सीमारेषा रुग्ण स्त्रीला माहीत असण्याचे कारण नाही. तिचे परिणाम मात्र तिलाच भोगावे लागतात.

गोळ्यांचा काळ आणि नवी गुप्तता

२००२ मध्ये मिफेप्रिस्टोन या औषधाला भारतात मान्यता मिळाली आणि परिस्थिती पालटली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अंदाजानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के गर्भपात रुग्णालयाबाहेर गोळ्यांच्या साहाय्याने झाले आणि आरोग्यसंस्थांत झालेल्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. कमी खर्च आणि अधिक गुप्तता या दोन्ही गोष्टी स्त्रीला गोळ्यांत एकत्र सापडल्या, हे यामागील उघड कारण आहे. फुले यांच्या काळातील विषारी औषधांपेक्षा या गोळ्या योग्य मुदतीत आणि योग्य प्रमाणात घेतल्यास कितीतरी सुरक्षित आहेत. परंतु सल्ला देणारा आणि गुंतागुंत झाल्यास सांभाळणारा कोणी नसेल तर धोका उरतोच.

महाराष्ट्रात या वाटेवर आणखी एक अडसर आला. गर्भलिंग निदानाविरुद्ध राज्याने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. मुलींची घटती संख्या पाहता या कायद्याची आवश्यकता निर्विवाद होती. तथापि लिंगनिवडीचा गुन्हा आणि कायदेशीर गर्भपात यांतील भेद अंमलबजावणीत पुसट झाला. तपासणीच्या भीतीने अनेक औषध विक्रेत्यांनी गोळ्या ठेवणेच बंद केले. त्याचा फटकाही ज्या स्त्रीला दुसरा डॉक्टर परवडत नाही तिलाच बसला.

२०२१ च्या दुरुस्तीने विवाहित स्त्री व पती या शब्दांच्या जागी स्त्री व जोडीदार असा उल्लेख आला, काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि स्त्रीची ओळख उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद झाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या मुदतीचा लाभ अविवाहित स्त्रीलाही मिळेल, असा निर्णय दिला. गुप्तता ही केवळ सौजन्याची बाब न राहता कायदेशीर कर्तव्य बनली.

इतर देशांशी तुलना

अमेरिकेत १९७३ च्या न्यायालयीन निर्णयाने गर्भपाताचा हक्क मिळाला. पण १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरिबांच्या आरोग्य योजनेतील केंद्रीय निधी त्यासाठी वापरण्यावर बंदी आणली. तेव्हा गरीब स्त्रियांचा खर्च भागवण्यासाठी स्वयंसेवी निधी उभे राहिले आणि १९९३ मध्ये त्यांचे राष्ट्रीय जाळे तयार झाले. २०२२ मध्ये तो हक्कच घटनात्मक पातळीवर नाहीसा झाल्यावर या निधींना प्रवासखर्चाचाही भार उचलावा लागला. तेथे हक्कानंतर दान आले. महाराष्ट्रात क्रम उलटा आहे. येथे दानाने सुरुवात झाली, मग हक्क मिळाला; आणि हक्क मिळाल्यावर दात्याची गरज संपली असे सर्वांनी गृहीत धरले. गर्भपातासाठी गरीब स्त्रीला साहाय्य करणारी परंपरा त्यामुळे येथे रुजली नाही.

निष्कर्ष

१) एकोणिसाव्या शतकातील कायदा आणि रूढी यांच्या कोंडीत गरीब विधवेला सर्वाधिक किंमत मोजावी लागली. फुले यांची १८८४ ची नोंद गर्भपातबंदीच्या दुष्परिणामांचा महत्त्वाचा पुरावा आहे.

२) पंढरपूरच्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा हेतू गर्भपात रोखण्याचा होता. तथापि खर्च आणि गुप्तता यांची एकत्रित जबाबदारी घेण्याचा त्याने घालून दिलेला आदर्श आजही मार्गदर्शक आहे.

३) १९७१ च्या कायद्यानंतर या दोन जबाबदाऱ्यांची फाळणी झाली. शासकीय दवाखान्यात पैसे वाचले पण गुप्तता गेली. खाजगी दवाखान्यात गुप्तता मिळाली पण ती विकत घ्यावी लागली.

४) केवळ शुल्क माफ केल्याने सेवा परवडणारी होत नाही. बुडालेली मजुरी, प्रवास, सोबत आणि लोकापवादाची भीती हे खर्चाचेच भाग आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत ही सेवा जवळ, नियमित आणि प्रश्नांचा भडिमार न करता मिळाली तरच कायद्याचा हेतू सफल होईल.

पंढरपुरात आज शासनाचे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि प्रार्थना समाजाच्या कार्याची परंपराही आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या गावात येणाऱ्या स्त्रीला नाव न विचारता आसरा मिळाला होता. आज कायदा तिच्या बाजूने आहे. त्या कायद्याला त्या आसऱ्याइतकाच विश्वास संपादन करता येतो का, यावर त्याचे मूल्यमापन होईल.